देवघरातील चौथी डिस्क

या सदरात येणारे अनुभव मी कित्येक वर्षे वाचत आलो आहे, पण बहुधा शंकेखोर वाचकाच्या दृष्टीने. आमच्या घराण्यात वेदाध्ययन आहे. मीही लहानपणी पाठशाळेत राहून संहिता शिकलो, आणि पुढे भिवंडीतील एका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो. देवावर माझी निष्ठा आहे. परंतु देवावर निष्ठा असणे आणि भुताखेतांवर विश्वास ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे मी वर्गात आणि घरात सारखेच ठामपणे सांगत आलो. ज्याला प्रमाण नाही ते मानू नये, हेच मला शिकवले गेले होते. तरीही पुढील हकीकत लिहितो आहे. जे घडले ते घडले त्या क्रमाने सांगतो. त्याचा अर्थ लावणे मला जमलेले नाही. संबंधित माणसांची नावे तेवढी बदलली आहेत.

माझा भाचा विनायक याचे राहनाळला गोदाम आहे. लोक घरबसल्या मोबाइलवर जे मागवतात, तो माल तेथे उतरतो, रचला जातो आणि पुन्हा गाड्यांत चढतो. माल ज्या कंपनीचा, तिची अट अशी की कॅमेरे चालू असल्याशिवाय एक खोकेही हलवायचे नाही. पूर्वीचे रेकॉर्डिंगचे यंत्र एकाच डिस्कवर चालत असे. ती एके दिवशी बंद पडली आणि सारे चित्रण गेले. तेव्हा विनायकने नईमला बोलावून चार डिस्कचा मोठा डबा ऑफिसच्या भिंतीवर बसवून घेतला.

नईम माझा जुना विद्यार्थी. त्याचे घराणे मूळचे कोकण किनाऱ्याकडचे, इथल्या जुन्या यंत्रमागवाल्यांपैकी. शाळेत त्याने गुण चांगले पडतात म्हणून संस्कृत घेतले होते, हे तो अजूनही मोकळेपणाने सांगतो. मागांचा धंदा भावांवर सोपवून तो आता काँप्युटर दुरुस्त करतो. डबा बसवला त्या दिवशी मी सहज तेथे गेलो होतो. त्याने मला खुर्ची दिली आणि म्हणाला, ‘‘सर, तुम्ही आमच्याकडून रूपं पाठ करून घेतलीत. आज मी तुमच्याकडून घेतो.’’

मग त्याने आपली पेटी उघडून एकेक जोडणी दाखवली. सर्वांत जुनी ती रुंद, चपट्या पट्टीसारख्या वायरीची — तिला आयडीई म्हणतात. तिच्यानंतरची अरुंद साटा. त्यानंतरची सॅस, ती दिसायला साटासारखीच, पण हिच्या तोंडातील खाच बुजवलेली असते. त्यामुळे साटाची डिस्क सॅसच्या खोबणीत बसते, सॅसची मात्र साटाच्या खोबणीत बसू शकत नाही. बाहेरून लावायची ती यूएसबी. आणि अलीकडची एक तर वायर वगैरे काही न घेता कांडीसारखी थेट बोर्डावरच बसते. कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे याचे नियम तुमच्याकडेही आहेत म्हणायचे, असे मी म्हटल्यावर तो पोट धरून हसला.

चार डिस्क कशाला, या माझ्या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर मात्र मला फार आवडले. कोणत्याही एका डिस्कवर पूर्ण चित्र नसते. चित्राचे तुकडे करून ते चौघींवर पसरलेले असतात, आणि प्रत्येक ओळीतला एक तुकडा हा बाकीच्या तीन तुकड्यांचा पडताळा असतो. एक डिस्क मेली, तर उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर पुन्हा उभा करता येतो. दोन मेल्या, तर काहीही उरत नाही. मी त्याला सांगितले की पाठशाळेत आम्ही हेच करीत होतो. एकच वाक्य पदे सुटी करून, जोड्या लावून, उलटसुलट फिरवून म्हणायचे, म्हणजे एखादे पद गळले तर शेजारच्या पदांतून ते सापडते. आणि चार जण मांडीला मांडी लावून बसायचे, म्हणजे एकाचा कंठ अडला तरी पाठ अडत नाही. ‘‘म्हणजे सर, तुम्ही पण रेडच होता,’’ नईम म्हणाला. चार डिस्कच्या या मांडणीला ते लोक रेड म्हणतात.

इतके सविस्तर लिहिण्याचे कारण पुढे कळेल.

खंडेनवमीला गोदामातील हत्यारांची पूजा दर वर्षी मीच सांगतो. लाल वस्त्रावर तराजू, पोती शिवण्याचे यंत्र, फोर्कलिफ्टची किल्ली आणि हमालांचे हूक मांडतात. हूक म्हणजे गठ्ठ्यात रोवून तो ओढण्याचे लोखंडी आकडे. लाकडी मुठीचे आणि पुढे टोकदार. प्रत्येक हमालाचा हूक वेगळा, मुठीवर त्याची त्याची खूण. मी प्रत्येक मुठीला लाल दोरा बांधला. त्या वर्षी विनायकच्या मनात आले की ज्यांच्यावर सगळा धंदा चालतो त्या डिस्कनाही कुंकू लागले पाहिजे. डबा भिंतीला पक्का बसवलेला होता. म्हणून त्याने तो बंद केला, चारही डिस्क खणांतून ओढून काढल्या आणि हुकांच्या शेजारी, त्याच वस्त्रावर मांडल्या.

हमालांत दिघाशीकडच्या पाड्यावरचे दोन सख्खे भाऊ होते — थोरला जानू, धाकटा रावजी. जानू बोलका. तो खाली बसून डिस्ककडे निरखून पाहू लागला. ‘‘या डब्यान आमी समदी हाव का, बाबा?’’ त्याने मला विचारले. मी म्हटले, आहात. कॅमेऱ्याने जे जे पाहिले ते सारे यात आहे. त्यावर तो गालात हसला. ‘‘मंग तू आमचीच पूजा केलीस.’’

आमच्याकडचा प्रघात असा की नवमीला आवाहन करून पुजलेली हत्यारे दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत उचलायची नाहीत. उत्तरपूजा म्हणजे आलेल्या देवतेला सन्मानाने निरोप देणे. पण सणाचे दिवस, बाहेर गाड्यांची रांग, आणि कॅमेरे बंद! पूजा आटोपते न आटोपते तोच विनायकने हात जोडले. मामा, एवढे माफ करा, उत्तरपूजा उद्या मनातल्या मनात करू, असे म्हणत त्याने स्वतःच डिस्क उचलल्या. त्याचे पाहून हमालांनीही आपापले हूक उचलले. मी त्यांना अडवले नाही. तरुण माणसाच्या पोटापाण्याच्या आड येऊ नये, असे वाटले.

डबा सुरू झाला तेव्हा चौथ्या खणावर लाल दिवा लागला. ओले कुंकू त्या डिस्कच्या जोडणीत गेले होते. बाकीच्या तिघी चालू होत्या, रेकॉर्डिंगही होत होते. नवी येईपर्यंत चालेल, असे नईमने फोनवर सांगितले. फक्त आता आणखी एक गेली तर सगळे गेले, हेही बजावले. विनायकने ती डिस्क रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. तेथला मुकादम भास्कर — हमालांच्या टोळीचा म्होरक्या, अंगाने दांडगा, तोंडाने मोकळा — दारात उभा होता. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, तुमचा एक देव तर पहिल्याच दिवशी बाद झाला.’’ सगळे हसले. मीही हसलो.

डिस्क घरी आणली. पुजलेली वस्तू निरोप न देता भंगारात टाकणे मला जमेना. आणि जिच्यासोबत बाकीच्यांचे आवाहन झाले, त्या एकटीलाच निरोप कसा द्यावा, हेही कळेना. सारी हत्यारे पुन्हा एकत्र येतील तेव्हा पाहू, असे ठरवून मी ती देवघरात पाटावर ठेवली. तिला कोणतीही वायर नव्हती. तिच्या आसपास विजेचे बटणसुद्धा नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

दसरा झाला. पुढच्या शुक्रवारची गोष्ट.

आमचे घर जुन्या भिवंडीत दुसऱ्या मजल्यावर आहे आणि पाठीमागे यंत्रमागांचे कारखाने आहेत. त्यांचा खडखडाट आम्हाला ऐकू येत नाही. तो थांबला की मात्र जाणवते. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी माग थांबतात आणि सबंध आळी एकदम निःशब्द होते. मी माध्याह्न संध्या आटोपून देवघरापुढे बसलो होतो. त्या शांततेत समोरून आवाज आला — ठक्, ठक्. दोन आघात, एकाला लागून एक. ओल्या जमिनीत पहार मारल्यासारखे, जड.

मी पाहिले. आवाज डिस्कमधून आला होता. तिच्यावरच्या अक्षता उडून पाटावर विखुरल्या होत्या. मी तिच्यावर तळहात ठेवला. ती तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी तापली होती, आणि आत काहीतरी गरगर फिरत होते... आयुष्यभर लघू आणि गुरू मोजत आलेला माझा कान आहे. तो विराम मी विसरणे शक्य नाही. दोन लघू, मग एक लांब, फार लांब विराम. आणि मग माझ्या हाताखालीच तिसरा आघात झाला — गुरू. माझ्या मानेच्या मागे, डाव्या बाजूला अशी कळ गेली की मी पुढे कोसळलो.

किती वेळ तसाच होतो, सांगता येत नाही. उठून बसतो आहे तोच डिस्क पाटावरून उसळली. उसळली हाच शब्द खरा आहे. तिने समईला धडक दिली. समई आडवी झाली, तेल पसरले, मागच्या तसबिरीची काच उभी तडकली, आणि डिस्क जमिनीवर पडून निपचित झाली. थोड्याच वेळात माग पुन्हा सुरू झाले. भूकंप झाला असेल, असे मी स्वतःला सांगितले. शेजारी कोणालाही काही जाणवले नव्हते.

तेवढ्यात विनायकचा फोन आला. गोदामात जेवणाच्या सुटीत जानूचा खून झाला होता. मानेत हूक घातला होता. आणि लोक त्याच्या भावाला मारत होते.

मी रिक्षा करून गेलो. पोलीस अजून पोहोचले नव्हते. नाशिक रस्त्यावर नेहमीप्रमाणे वाहने तुंबली होती. गोदामाच्या आवारात जे पाहिले ते लिहिणे कठीण आहे. रावजीला एका टेम्पोच्या मागच्या साखळीला बांधले होते. त्याचा सदरा भावाच्या रक्ताने छातीपासून पोटापर्यंत माखला होता आणि त्यावर त्याचे स्वतःचे रक्त गळत होते. त्याचा उजवा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळला होता. कोणाच्या हातात पट्टा, कोणाच्या हातात खोक्यांच्या फळ्या. कालपर्यंत ज्यांनी त्याच्यासोबत ओझी उचलली, तीच माणसे. फळी त्याच्या गुडघ्यावर बसली तेव्हा सुक्या फांदीसारखा आवाज झाला. तो ओरडत नव्हता. मी दादाला न्हाय मारला, मी दादाला न्हाय मारला, एवढेच पुटपुटत होता.

सर्वांत पुढे भास्कर होता. सकाळी हे दोघे भाऊ सगळ्यांसमोर भांडले, रावजीला भातकापणीला गावी जायचे होते, जानू सोडत नव्हता, धाकट्याने थोरल्याच्या अंगावर जेवणाचा डबा भिरकावला, आणि आता त्याचाच हूक प्रेताशेजारी पडलेला आहे — हे तो प्रत्येक पट्ट्यागणिक मोठमोठ्याने सांगत होता.

मी रावजीच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. धाडसी माणूस मी नाही; पण माझे धोतर पाहून थांबतील, असे वाटले. थांबले नाहीत. पट्ट्याचे बक्कल माझ्या भुवईवर बसले आणि एक डोळा रक्ताने भरला. मी रावजीच्या अंगावर पडलो, तेव्हा कोणीतरी म्हणाले, अरे बुढ्ढा मरेल. मग हात थांबले. विनायक मला ओढून काढत होता आणि मी रावजीचा सदरा सोडत नव्हतो, असे त्याने नंतर सांगितले. मला ते आठवत नाही.

आत ऑफिसमध्ये रेकॉर्डिंगचा डबा फोडलेला होता. पहारीने. एका डिस्कच्या मधोमध आरपार भोक पडले होते. रावजीनेच पुरावा फोडला, असे भास्करने पोलिसांना सांगितले.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर त्या दोघांची आई बसली होती. ठकीबाई. दिघाशीहून आली होती, पायात काही नव्हते. एका मुलाचे प्रेत सरकारी दवाखान्यात आणि दुसरा मुलगा कोठडीत, हात गळ्यात बांधलेला. इन्स्पेक्टर सभ्य होते. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावले. चित्रण नसेल तर त्यांच्यापुढे जे आहे ते एवढेच — रावजीचा हूक, रावजीच्या अंगावरचे रक्त, आणि सकाळचे भांडण. भांडणाला पंचवीस साक्षीदार. रावजी सुटणार नाही.

ठकीबाईने माझ्या भुवईवरची पट्टी पाहिली आणि तिला कोणीतरी सांगितले असावे. ती म्हणाली, ‘‘बाबा, एक पोरगा गेला माझा. ते मी सोसन. दुसऱ्यालाबी फाशी दिलास तं माझ्या घरान चूल कोन पेटवील?’’ ती मला उद्देशून बोलत होती की सरकारला, कोण जाणे. मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो.

डबा नईमने बसवलेला, म्हणून इन्स्पेक्टरांनी त्यालाच बोलावले होते. पंचांसमोर त्याने तो उघडला. ज्या पाटीला चारही डिस्क जोडतात ती पाटीच फुटली होती, म्हणून त्याने दोन शाबूत डिस्क बाहेर काढून वेगवेगळ्या वायरींनी आपल्या यंत्राला जोडल्या. मग मान हलवली. चारांतल्या दोन. अर्धे अर्धे तुकडे, पडताळ्याला कोणी नाही. चौथी कुठे आहे, असे इन्स्पेक्टरांनी विचारताच विनायकने माझ्याकडे पाहिले.

मी घरी जाऊन ती आणली. वाटेत रिक्षात ती मांडीवर होती. थंड, कोणत्याही लोखंडासारखी.

नईमने जोडणीतले वाळलेले कुंकू ब्रशने साफ केले आणि आधीच सांगून ठेवले की याचा उपयोग नाही. ही डिस्क नवमीपासून बाहेर आहे. तिच्याजवळ नवमीपर्यंतचा पाठ आहे, त्यानंतर त्या तिघींनी काय म्हटले ते हिने ऐकलेले नाही. नवमीपूर्वीचे चित्र मिळेल. शुक्रवारचे काढायला गेलो तर जुने तुकडे नव्यांशी जुळणार नाहीत, नुसते राखाडी ठिपके येतील. करून तर पाहा, इन्स्पेक्टर म्हणाले.

यंत्राने प्रथम नकार दिला. प्रत्येक डिस्कवर किती नोंदी झाल्या याची एक अंतर्गत गणती चालू असते. दोघींची गणती पुढे गेलेली आणि हिची नवमीला थांबलेली. नईमने ती अट डावलून तिघींना एकत्र बसायला लावले. नवमीपूर्वीचे चित्र स्वच्छ आले. मग त्याने शुक्रवार दुपार निवडली, आणि आम्ही ठिपक्यांची वाट पाहू लागलो.

चित्र आले. काचेसारखे.

नईमने माउसवरचा हात काढून घेतला. पडद्यावर गठ्ठ्यांच्या दोन थप्प्यांमधली वाट होती. जानू आणि भास्कर समोरासमोर. भास्कर मागच्या शटरकडे बोट दाखवत होता, तेथे एक टेम्पो लावलेला होता. जानू मान हलवत होता. मालकाचा माल चोरून भरायला तो नकार देत होता, हे नंतर उघड झाले. जानू पाठ फिरवून चालू लागला. भास्करने कमरेचा हूक काढला.

या कॅमेऱ्यांना आवाज नाही. पण पहिला घाव मानेच्या मागे, डाव्या बाजूला बसला, तेव्हा मी तो ऐकला. लगेच दुसरा. जानू गुडघ्यांवर आला, हात मागे नेऊन मूठ चाचपडू लागला. बोटांतून रक्त उसळत होते, शेजारच्या पांढऱ्या खोक्यांवर त्याचे फराटे उठले. आणि भास्कर थांबला. त्याने मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहिले. आमच्याकडे. पाहतच राहिला.

इन्स्पेक्टर पुटपुटले की झाले, बहुतेक तो थांबला. मी डोळे मिटले होते. मी म्हणालो, ‘‘नाही. अजून एक आहे.’’ मी आतल्या आत तो विराम मोजत होतो. ‘‘आता,’’ मी म्हणालो.

डोळे उघडले तेव्हा इन्स्पेक्टर पडद्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होते.

पुढचे चित्रणही होते. भास्करने आपला हूक कोपऱ्यातल्या कापडाच्या थप्पीत, खालून दुसऱ्या गठ्ठ्यात मुठीपर्यंत खुपसला आणि वरून गोणपाट ओढले. खिळ्यावरचा रावजीचा हूक काढून रक्तात बुडवून ठेवला. नळावरून जेवणाचा डबा धुऊन रावजी आला, धावत जाऊन भावाला छातीशी धरून बसला; तोवर भास्कर पहार घेऊन ऑफिसात शिरला होता. पहार उचललेली दिसते. त्यानंतर काळा पडदा.

पोलिसांनी तो गठ्ठा उघडला तेव्हा मलाही पंच म्हणून नेले होते. हूक होता तसाच आत होता. त्याच्या मुठीला मी नवमीला बांधलेला दोरा रक्ताने काळा होऊन चिकटला होता. मुठीवर भास्करची खूण. भास्कर तेथेच, सगळ्यांसमोर खाली बसला, आणि मग त्याने स्वतःच सर्व सांगितले. खटला त्या हुकावर उभा आहे, चित्रणावर नाही.

चित्रणाबद्दल सरकारी प्रयोगशाळेने लिहून दिले ते असे : चौथी डिस्क खुनाच्या वेळी डब्यातच असली पाहिजे, आणि तिच्यावरची गणती काही बिघाडामुळे चुकली असावी. शहाण्या माणसाने असेच लिहावे. फक्त ते खरे नाही. लाल दिवा लागला तेव्हा मी तेथे होतो, रुमालात गुंडाळून ती माझ्या हातात दिली गेली, आणि शुक्रवारी दुपारी ती माझ्या तळहाताखाली होती.

रावजीचा हात पुरता वळत नाही, पण त्या हंगामात उशिरा का होईना भात कापून झाले. त्यानंतर एकदा ठकीबाई त्याला घेऊन आमच्याकडे आली. तिला जानूला पाहायचे होते. इन्स्पेक्टरांना विचारून नईमने खुनाच्या आधीचा तुकडा तेवढा आपल्या मोबाइलवर काढून आणला होता. त्यात दोघे भाऊ भिंतीला टेकून एकाच डब्यातून जेवत आहेत. जानू आपल्या वाटणीचा सुका बोंबील धाकट्याच्या भाकरीवर ठेवतो. रावजी तो परत ठेवतो. जानू त्याच्या टाळक्यात हलकी टपली मारतो. इतकेच. ठकीबाईने ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितले. ‘‘भांडून न्हाय गेला,’’ ती शेवटी म्हणाली, आणि पदराने मोबाइलची काच पुसली. रावजी भिंतीकडे तोंड करून उभा होता.

ती गेल्यावर नईम रेंगाळला. त्याने हा विषय अनेक जाणत्या लोकांकडे नाव न घेता काढला होता. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढले. तो माझ्या देवघरासमोर मांडी घालून बसला आणि त्याने रिकाम्या पाटाकडे बोट दाखवले. ‘‘सर, साटा म्हणा, सॅस म्हणा, यूएसबी म्हणा... काहीतरी जोडलेलं लागतं ना? ती कशाला जोडलेली होती?’’

माझ्या मनात आले ते एवढेच की नवमीला त्या लाल वस्त्रावर ती आणि तो हूक शेजारी शेजारी होते. अक्षता दोघांवर एकाच मुठीने पडल्या होत्या, आणि निरोप कोणालाच दिला गेला नव्हता. पण हे स्पष्टीकरण नव्हे. मी न्यायशास्त्र शिकलो आहे. दोन गोष्टी शेजारी असणे म्हणजे एकीचे कारण दुसरी असणे नव्हे, एवढे मला कळते.

काम संपल्यावर पोलिसांनी डिस्क विनायकला परत केली आणि त्याने ती मला आणून दिली. त्याला ती गोदामात नको आहे. आता ती पुन्हा पाटावर आहे. शुक्रवारी माग थांबले की मी तिच्यासमोर बसतो. तिने पुन्हा कधी आवाज केलेला नाही. तिची उत्तरपूजा राहिली आहे, ती करून तिला खाडीत सोडावी, असे घरचे सांगतात, आणि ते बरोबरच आहे. अनेकदा मी अक्षता हातात घेतल्या. पण विसर्जनाच्या शेवटी जाणाऱ्याला एक विनंती करावीच लागते, त्याशिवाय विधी पुरा होत नाही — आता जावे, आणि पुन्हा यावे.

तेथे येऊन माझी वाचा थांबते, आणि अक्षता मी ताम्हनात परत ठेवतो.